घरचा नंबर

ओटीपी हा शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारला की अजूनही माझं डोकं फिरतं. नुसते सहा आकडे. पण त्या सहा आकड्यांपायी एका बाईची चौदा वर्षांची नोकरी जायची वेळ आली होती, आणि ती वेळ माझ्याच हातानं आली होती. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साहेबांवर आणि हेड ऑफिसवर तोंड सोडलं की ‘ही स्वतःला कोण समजते’ असं कोणाला वाटायला नको.

मी लोणावळ्याजवळ, कुसगावच्या अंगाला असलेल्या एका मोठ्या रिसॉर्टच्या ऑफिसात काम करते. दारावर ‘मनुष्यबळ विभाग’ अशी पाटी आहे. प्रत्यक्षात ती लॉन्ड्रीला लागून असलेली एक खोली आहे. दोन टेबलं, एक कपाट आणि भिंतीपलीकडे दिवसभर चादरी घुसळणारी मशिनं. पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांना चिकटतात. पण कामावर येणारं प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जातं, म्हणून मला ती खोली आवडते.

नवी सिस्टीम आली तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती तिच्यात भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं तर मीच ते ओढून घेतलं. प्रत्येक माणसाचं एक खातं उघडायचं. त्यात नाव, फोटो, हुद्दा, कोणाच्या हाताखाली काम करतो ते, आणि एक मोबाइल नंबर. नंबराशिवाय खातं उघडतच नव्हतं. गेटवर कार्ड लावलं की त्या नंबरावर मेसेज जाणार, आपण अमुक वाजता आत आलात. बाहेर पडताना तसाच दुसरा. शनिवारी पुढच्या आठवड्याच्या ड्युट्या त्याच नंबरावर, आणि मध्येच ड्युटी बदलली तर तेही लगेच. मस्टरवर सह्या करायचे दिवस संपले म्हणून सगळे खूष होते. मी बारा दिवसांत सगळी खाती भरली. हेड ऑफिसकडून मला कौतुकाचं ई-मेल आलं आणि मी ते घरी दोनदा वाचून दाखवलं.

नंबर कुठून आणले? जुन्या कागदी फॉर्मवरून. त्या फॉर्मवर ‘घरचा नंबर’ असा एक रकाना होता. आसपासच्या गावांतून कामाला येणाऱ्या बायकांना मी पूर्वी तो विचारला होता, आणि जवळजवळ प्रत्येकीनं एकच उत्तर दिलं होतं: “मालकांचा लिवा.” रेशनला तो, गॅसला तो, पोरांच्या शाळेत तो. पदराच्या गाठीला स्वतःचा मोबाइल असला तरी कागदावर द्यायचा नंबर म्हणजे घरातल्या पुरुषाचा. त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी तळेगावात राहते, शिकलेली आहे, पंचवीस वर्षं नोकरी करते, आणि माझ्या बँकेचा ओटीपी तेव्हा यजमानांच्या फोनवर यायचा. भाजी चिरता चिरता “अहो, आला का हो?” असं मी आतून ओरडायचे. तेव्हा गावच्या बायकांच्या नावानं खडे फोडायचा मला काही अधिकार नाही. मी जुन्या फॉर्मवरचे नंबर नव्या सिस्टीममध्ये जसेच्या तसे उतरवले. कोणालाही विचारलं नाही.

आता तिच्याविषयी. हाउसकीपिंगच्या सगळ्या बायकांना आमच्याकडे मावशी म्हणतात, मग ती वयानं कितीही लहान असो. ही मावशी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान होती. नागफणीकडच्या कुरवंड्यात दिलेली, तिथून रोज जीपनं यायची. कोणत्या खोलीचा नळ कोणत्या बाजूला फिरवला की गळायचा थांबतो, कुठल्या खिडकीतून माकडं आत शिरतात, हे तिला तोंडपाठ. नवीन आलेल्या बायकांना ती काम शिकवायची, आणि चादरीला एक सुरकुती राहिली तर अख्खी गादी परत उघडायला लावायची. चार बायका तिला वचकून होत्या. मला ती फार आवडायची.

एका दिवाळीनंतर तिनं नवऱ्याचं घर सोडलं आणि इंदुरीला भावाकडे गेली. का सोडलं ते तिनं मला एकदा सांगितलं. ते मी लिहिणार नाही, तो तिचा प्रश्न आहे. इंदुरीहून तळेगाव स्टेशन आणि तिथून लोकलनं लोणावळा, असा तिचा रोजचा रस्ता लांबला, पण कामावर ती एक दिवस उशिरा आली नाही. मग नवरा गेटवर येऊन उभा राहू लागला. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मोटारसायकल लावायची, ती बाहेर पडली की बरोबर चालू लागायचं आणि स्टेशनपर्यंत बोलत राहायचं. घरी चल. लोकं काय म्हणतात. पोरीचं लग्न कसं जमणार. ती गप्प चालायची. इंदुरीत भाऊबंदांसमोर त्याची टाप नव्हती, म्हणून त्यानं आमचं गेट धरलं होतं.

हे मला कळलं ते एका दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा.

“मॅडम, राजीनामा कसा लिवायचा वो?”

मी पेन खाली ठेवलं. “का? काय झालं?”

“भाऊ म्हंतो, सोड ती नोकरी. हितं गावातच कुटंतरी बघू म्हंतो.” मग तिनं गेटचं सगळं सांगितलं. “सकाळपाळी असू द्या न्हाईतर दुपारपाळी, मी भायेर पडायच्या आत त्यो हजर. ड्युटी बदलून घेतली तरी हजर. त्येला समदं म्हाईत असतंय. आन् कोन सांगतंय ते मला म्हाईत हाय.”

तिचा संशय होता इस्त्रीवरच्या मैत्रिणीवर. तीही कुरवंड्याची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन त्या गावात आल्या होत्या, एकत्रच इथे कामाला लागल्या होत्या, आणि एका डब्यातून जेवायच्या. गेल्या काही महिन्यांत त्या जेवणाच्या सुट्टीत दोन टोकांना बसताना मी पाहिल्या होत्या. बायकांचं काहीतरी फाटलं असेल, जुळेल, म्हणून मी सोडून दिलं होतं.

मी म्हटलं, “आठ दिवस थांबा. मी बघते कोण सांगतं ते.”

आणि मी हुशारी केली. ड्युट्या लावणं माझ्याच हातात होतं. एका गुरुवारी बारा वाजता मी सिस्टीममध्ये तिची सुटायची वेळ पाचची तीन करून टाकली आणि कोणालाही सांगितलं नाही. सुपरवायझरला नाही, खुद्द तिलाही नाही. पावणेतीनला मी स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले आणि म्हटलं, “मावशी, बादली ठेवा. आज आत्ता निघा.” तिच्याबरोबर गेटपर्यंत चालत गेले. बघू आता, कोण कसं कळवतं ते!

मोटारसायकल गेटबाहेर उभी होती. तिच्यावर टेकून तो तंबाखू मळत होता.

ती माझ्याकडे बघायला लागली.  बदल माहीत होता फक्त मला आणि सिस्टीमला. मी तिला तशीच मागे फिरवली, खोलीत आणलं, दार लावलं आणि तिचं खातं उघडलं. मोबाइलच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “मावशी, हा नंबर कोणाचा?”

“मालकांचा. तुमीच तर लिवलावता. घरचा नंबर.”

त्या रकान्याखाली बारीक अक्षरात ‘माहिती भरणारी व्यक्ती’ असं होतं आणि पुढे माझं नाव होतं. ती आत आली की त्याला मेसेज. बाहेर पडली की मेसेज. शनिवारी आठवड्याचा तक्ता. तिनं जीव मुठीत धरून बदलून घेतलेली प्रत्येक ड्युटी आम्ही त्याला घरपोच कळवत होतो. वर ‘प्रिय सहकारी’ असा मायना!

मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मंजी तिनं न्हाई सांगितलं?”

“नाही. मी सांगितलं. रोज.”

ती खुर्चीवर बसली. माझ्या खोलीत ती कधी खुर्चीवर बसत नसे. “चार म्हैने,” ती म्हणाली, “चार म्हैने मी तिचं तोंड बगितलं न्हाई. तिच्या सासूच्या दहाव्याला बी गेले न्हाई.” मला इतकी लाज आयुष्यात क्वचित वाटली असेल.

लाज वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव. म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता बदलून टाकते. तिच्याकडे बटणांचा साधा मोबाइल होता. तो नंबर टाकला, ‘बदला’ दाबलं. पडद्यावर ओळ आली: बदलास मान्यता म्हणून जुन्या नंबरावर पाठवलेला सहा आकडी ओटीपी भरा.

जुना नंबर म्हणजे नवऱ्याचा. म्हणजे नवऱ्यानं मान्यता दिली तरच बायकोला स्वतःचा नंबर लावता येणार. मी लगेच ते पान बंद केलं, पण ओटीपी त्याच्याकडे जायचा तो गेलाच होता.

मी हेल्पडेस्कला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी. मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, “आय अंडरस्टँड युवर कन्सर्न, मॅडम. पण युजरच्या सुरक्षेसाठी जुन्या नंबरावरचा ओटीपी कंपल्सरी आहे.”

“अहो, युजरला धोका त्या जुन्या नंबरापासूनच आहे!”

“मग मॅडम, जुना नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांचं संमतीपत्र अपलोड करा.”

मी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल.

मग साहेबांकडे गेले. आमचे मॅनेजर माणूस वाईट नाहीत, पण त्यांना शांतता फार प्रिय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, हा घरगुती मामला आहे. आपण कशाला पडायचं? तो गेटच्या बाहेर उभा राहतो ना? बाहेरचा रस्ता आपला नाही.”

“सर, रस्ता आपला नाही, पण मेसेज आपला आहे.”

“मग तिला सांगा, नवऱ्याला एक फोन कर आणि ओटीपी विचार. सहा आकडे तर सांगायचेत. तो काय करतो तरी काय? नुसता उभाच राहतो ना?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रोज तुमच्या गाडीशी एक माणूस नुसता उभा राहिला तर चालेल का, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

तरी युक्ती मलाही सुचली, नाही असं नाही. मी मावशीला म्हटलं, “त्याला मीच ऑफिसातून फोन करते. कंपनीतून बोलतेय, सिस्टीमचं काम चालू आहे, मेसेजमधले आकडे सांगा. सांगून टाकेल तो. पाच मिनिटांत काम होईल.”

“न्हाई.”

“अहो, त्याला कळणारसुद्धा नाही.”

“उद्या कळंल ना. मंग म्हनंल, मी दिलं म्हनून तुला मिळालं.” तिनं पदर कमरेला खोचला. “त्येच्याकडनं मागून बी नको आन् फसवून बी नको. माझा नंबर लावायला त्यो कोन?”

मला तिचा रागच आला. इथे मी तिच्यासाठी डोकं फोडून घेतेय आणि ही बाई तत्त्वं सांगतेय! म्हटलं, बरं, दुसरा मार्ग. जुनं खातं बंद करू आणि तुमच्या नावानं नवं उघडू. नव्या खात्याला ओटीपी नव्या नंबरावर येतो, कोणाला विचारायला नको. फक्त रुजू झाल्याची तारीख आजची पडेल.

“आन् माझी चौदा वरसं?”

“ती जुन्या खात्यात राहतील. ते बंद.”

“मंजी मी आजपासनं नवी? ज्या पोरींना मी चादर घालायला शिकवलं त्यांच्या मागं?” ती उठली. “त्यापरीस राजीनामा देते मी. कागुद द्या.”

मी कागद दिला नाही. रविवारपर्यंत थांबा म्हटलं, आणि ती थांबली ती माझ्यावर उपकार केल्यासारखी. बरोबरच होतं ते.

सिस्टीमबरोबर एक माहितीपुस्तिका आली होती. जाडजूड, इंग्रजी, आणि आमच्यापैकी कोणीही न वाचलेली. रविवारी दुपारी जेवण उरकून मी ती घेऊन बसले. यजमान म्हणाले, “आज सुट्टी आहे ना?” मी पान उलटलं. संध्याकाळच्या चहाच्या सुमाराला मला हवं ते पान सापडलं. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं चुकीचा नंबर भरला असेल, तर त्यानं तसं लेखी कबूल करायचं. सोबत कर्मचाऱ्याची सही, मॅनेजरची सही. मग नंबर ओटीपीशिवाय बदलतो. पुढे असंही होतं की अशी प्रत्येक चूक त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर नोंदली जाईल, आणि एका मर्यादेपुढे चुका गेल्या तर चौकशी होईपर्यंत त्याचे माहिती बदलण्याचे अधिकार काढून घेतले जातील.

म्हणजे वाट होती. फक्त मला सही करून लिहून द्यावं लागणार होतं की चूक माझी. आणि होतीच की माझी!

सोमवारी मी तिचा फॉर्म भरला. भरता भरता हात थांबला. हिचं कळलं कारण ही राजीनामा द्यायला आली. ज्या आल्या नाहीत त्यांचं काय? मी हाउसकीपिंग, लॉन्ड्री, किचन, बाग, सगळीकडच्या बायकांची यादी काढली आणि जेवणाच्या सुट्टीत एकेकीला गाठून विचारलं, हा नंबर तुमचा का घरच्या माणसाचा? तुमचा लावायचा का? कित्येक जणी म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या मॅडम, मालकांचाच बरा हाय.” त्यांचा तसाच ठेवला. एक म्हणाली, “नवऱ्याचा काडा आन् सुनंचा घाला, ती वाचून दाखवती.” आणि बऱ्याच जणी इकडेतिकडे बघून, आवाज खाली करून म्हणाल्या, “व्हय. माझा लावा.” त्यांचे फॉर्म भरता भरता कार्बनसारखं एकच वाक्य लिहून लिहून माझं बोट दुखलं: सदर नंबर कर्मचाऱ्याला न विचारता मी भरला, ही चूक माझी आहे.

गठ्ठा घेऊन साहेबांसमोर ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“एवढ्या चुका? मॅडम, हेड ऑफिसला काय दिसेल? आपलं युनिट मूर्खांचा बाजार आहे असं?”

“युनिट नाही सर. मी. तसं स्पष्ट लिहिलंय.”

“एक फॉर्म पाठवा ना. त्या एका बाईचा. बाकीच्यांची काही तक्रार आहे का? तुमचे अधिकार जातील. बढतीचं बोलणं चाललंय तुमचं, कळतंय का?”

मला कळत होतं. त्या बढतीची मी सहा वर्षं वाट बघत होते, आणि मी काही साधुसंत नाही. आदली रात्र मी कूस बदलत काढली होती. पण फक्त एकीचा फॉर्म पाठवायचा आणि बाकीच्यांचे नंबर तसेच ठेवायचे, तर आता ती चूक राहणार नव्हती. आता मला माहीत होतं.

“सह्या करा सर,” मी म्हटलं. “नाहीतर करणार नाही असं लिहून द्या. तेही मी जोडते.”

लिहून द्या म्हटलं की आमच्याकडे भल्याभल्यांची बोलती बंद होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, आणि पेन काढलं. एकामागून एक सह्या केल्या. शेवटच्या फॉर्मवर म्हणाले, “फार हट्टी आहात तुम्ही.” मी थँक्यू म्हटलं.

चौथ्या दिवशी नंबर बदलल्याचं हेड ऑफिसचं ई-मेल आलं. त्यातच खाली लिहिलं होतं की महिनाअखेरीपासून चौकशी पूर्ण होईपर्यंत माझे अधिकार स्थगित. बढती पुढे दुसऱ्याला मिळाली. त्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. मोठेपणाचा आव आणून मी ते नाकारणार नाही.

त्या दिवशी मावशी इस्त्रीच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले, कारण सांगायचं मलाही होतं. मी त्या मैत्रिणीला म्हटलं, “हिच्या नवऱ्याला मी कळवत होते. नकळत, पण मीच.” ती इस्त्री चालवत राहिली. मग मावशीकडे न बघता म्हणाली, “मला इचारायचं तरी एकदा.” बस, एवढंच. मावशीनं खाली बसून घड्या घालायला घेतल्या. दोघींचं पूर्वीसारखं जमायला पुढे वर्ष गेलं, आणि डबा अजूनही वेगळाच आहे.

पुढच्या आठवड्यात नवरा थेट माझ्या खोलीत आला. गेटवर ‘ऑफिसात काम आहे’ सांगून घुसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल.

“म्याडम, आमचे मेसेज बंद झाल्यात.”

“कोणते मेसेज?”

“आमच्या मंडळींच्या ड्युटीचे. चालू करा ते.”

“तुमचा एम्प्लॉयी नंबर सांगा.”

तो गोंधळला. “मी हितं न्हाई कामाला.”

“मग तुम्हाला इथले मेसेज कशाला येतील?”

“बायको हाय माझी! ती कवा येती, कवा जाती, मला कळाया नको?”

“ते तिला विचारा. तिनं सांगितलं तर कळेल,” मी म्हटलं.  “ही कंपनीची माहिती आहे. ज्याची नोकरी, त्याला मिळते. तुम्ही आता निघा, नाहीतर मी सिक्युरिटीला बोलावते.”

तो निघाला, पण जाऊन गेटवर थांबला. मी मावशीला निरोप पाठवला की आज किचनच्या मागच्या दारानं जा. ती निरोप ऐकून उलट माझ्याकडेच आली. “मागच्या दारानं कशापायी? मी चोरी केली काय?” आणि पाच वाजता कार्ड लावून, पुढच्या गेटानं, त्याच्या अंगावरून निघून गेली. या खेपेला इस्त्रीवरची ती मैत्रीण आणि लॉन्ड्रीच्या आणखी पाच-सहा जणी तिच्या मागोमाग बाहेर पडल्या. त्या सगळ्यांची सुट्टी साडेपाचची होती. मी काही विचारलं नाही. तो आणखी दोन-तीनदा आला, चुकीच्या वेळेला, आणि मग यायचा थांबला.

महिना संपायला चार दिवस होते. अधिकार जायच्या आत तिचं खातं पूर्ण करावं म्हणून मी तिला बोलावलं. पत्ता अजून कुरवंड्याचाच होता आणि सिस्टीम तो लाल रंगात दाखवत होती.

“काय लिहू? इंदुरी, भावाचं घर?”

“तितं न्हाई आता मी. खोली घेतलीया.”

“कुठे?”

ती पडद्याकडे बघू लागली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. परत विचारलं.

“हे तुमच्याबिगर कोन कोन बगतं?” तिनं पडद्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, सुपरवायझर, साहेब, हेड ऑफिसातले. सुपरवायझर त्याच महिन्यात नवा आलेला, कुरवंड्याचाच, नवऱ्याच्या भावकीतला.

“मंग न्हाई लिवायचा.”

“अहो मावशी, पत्ता सक्तीचा आहे. रिकामा ठेवला तर खातं बंद पडेल.”

“मंग तुमचा लिवा.”

मी हसले. ती हसली नव्हती.

“कंपनीची पत्रं यायला पत्ता लागतो ना? तुमच्याकडं येऊ द्या. तुमी मला हितं द्या.” आणि मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “का, तुमचं घर मधी यायला नको?”

खरं सांगते, क्षणभर मला नको वाटलं. उद्या तो माणूस माझ्या दारात आला तर? यजमान काय म्हणतील? सोसायटीत काय सांगायचं? इतकी वर्षं मी प्रत्येकाला पत्ता विचारत आले, आणि माझा द्यायची वेळ आली तेव्हा माझी बोटं अडली. ती समोर उभी राहून ते बघत होती. तिनं मला घाई केली नाही.

मी पत्रव्यवहाराच्या पत्त्यात तळेगावच्या आमच्या सोसायटीचं नाव टाकलं, इमारत टाकली, फ्लॅट नंबर टाकला. लाल रंग गेला. ती खोली कुठे आहे ते मी तिला त्यानंतर विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

तिची पत्रं आमच्याकडे येतात. पहिलं आलं तेव्हा यजमानांनी सवयीनं पाकिटाच्या कडेत बोट घातलं होतं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि न फोडता पर्समध्ये ठेवलं.